माझा खोडलेला आकडा

मित्रांनो, रायफलीवर बसवायची एक जुनी लष्करी दुर्बीण तुमच्याशी बोलते आहे. मला उलटी धरून "अय्या, सगळं लांब गेलं!" म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांचं मी मनावर घेतलं नाही. पण माझ्या आकड्याचं जे झालं, ते मात्र मी विसरणार नाही.

माझी भिंगं फार चिकाटीने घासलेली आहेत. आत डोकावलात तर नेम धरण्यासाठी खालून वर आलेला एक टोकदार खांब आणि दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या दिसतील. बाहेर नळीवर दोन फिरत्या चकत्या आहेत: वरची अंतराप्रमाणे नेम जुळवायला, बाजूची वाऱ्याप्रमाणे. शस्त्रागारातल्या कारागिराने मला एका रायफलीवर चढवलं, नेम जुळवला आणि तिच्यावर कोरलेला आकडाच माझ्या नळीवर ठोकला. आमची जोडी मोडू नये म्हणून. पुढे ती रायफल झिजली. मला दुसरीवर चढवलं, तेव्हा त्याने जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली नवा आकडा ठोकला. रेघ मारूनही जुना आकडा सगळा वाचता येत होता. त्याने खोडलं होतं, पुसलं नव्हतं.

माझ्यातून माणसांवर नेम धरला गेला. त्याची फुशारकी मी मारणार नाही, पण ते झालंच नाही असंही म्हणणार नाही.

युद्ध संपलं आणि मी भंगारात गेले. गंजक्या बिजागऱ्यांखाली किती काळ पडून होते, कोण जाणे! मग एका गॅरेजवाल्याने मला उचललं. त्याची भाची भिंगांच्या प्रयोगशाळेत काम करायची. त्याने कळवताच तिने फोनवर बजावलं, "मामा, मी येईपर्यंत तिला हात लावू नका. ती कुठली, कधीची, ते आपण शोधू."

पण मामांचा हात स्वस्थ बसतो होय? त्यांनी मला पुसलं आणि दोन आकडे पाहून ते दचकलेच. त्यांच्या धंद्यात खाडाखोड केलेला नंबर म्हणजे चोरीची गाडी!

"अहो, ती येतेय ना उद्या?" मामी म्हणाल्या.

"येऊ दे की! पोरीच्या हातात चोरीचा माल देऊ?" असं म्हणत मामांनी कानस घेतली. मी ओरडू शकत नव्हते. खोडलेला आकडा भुगा होऊन त्यांच्या चपलेवर सांडला.

दुसऱ्या दिवशी भाची आली. तिने आतला खांब, चकतीवरचे अंतराचे आकडे, नळीची जाडी, सगळं तपासलं. माझा कारखाना आणि काळ तिने बरोबर ओळखला. मग तिचं बोट त्या चकचकीत जागेवर थांबलं.

"मामा, इथे काय होतं?"

"काही नाही गं, खोडलेला नंबर. साफ केला."

तिने खालचा शाबूत आकडा वाचून पाहिला. "ती चोरी नव्हती, मामा. हिची पहिली रायफल कोणती, ते फक्त तिथे लिहिलेलं होतं." तिने तिरका प्रकाश टाकून पाहिलं. आकडा ठोकताना खाली दबलेल्या धातूत पहिले दोन अंक पुसटसे दिसले. बाकी काही नाही.

मामांचा चेहरा उतरला. पण हार मानतील तर मामा कसले! "थांब, माझ्याकडे आकडे ठोकायचे पंच आहेत. उरलेले अंदाजाने ठोकून देतो. कुणाला कळणार आहे?"

ऐकलंत? आधी खरं घासलं आणि आता वर खोटं ठोकणार!

"मला कळेल," भाची म्हणाली. "ठेवा ते पंच."

तिने मला एका पेटीत ठेवलं आणि पेटीवर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर ते दोन अंक लिहिले आणि पुढची जागा कोरी सोडली.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू हाती आली, तर आधी कानस लांब ठेवा. जे कळत नाही ते घाण समजून घासू नका. आणि जे हरवलं आहे, ती जागा भरायची घाई करू नका. माझ्या पहिल्या सोबतिणीची, त्या रायफलीची, आता एवढीच खरी खूण उरली आहे: दोन अंक आणि एक कोरी जागा. तेवढी तरी मला राहू द्या.