कडा नसलेली चित्रं

गावी दोघा भावांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दादा रेषा काढायचा, धाकटा रंग भरायचा. लढाई पेटली तेव्हा गाव सोडून निघालेल्या ट्रकमध्ये एकाचीच जागा उरली होती. दादाने धाकट्याला वर ढकललं, आणि खरं सांगायचं तर धाकट्याने फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

परक्या देशात धाकटा चित्रकार झाला. रेषा काही त्याच्या हाताला बसेना, म्हणून तो नुसतेच रंग लावत गेला. त्याची माणसं कडेला विरघळल्यासारखी दिसायची. गॅलरीवाल्या बाई म्हणाल्या, "हीच तुमची शैली." वर्तमानपत्रांनीही तीच री ओढली. धाकट्याने मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडा कशाला?

पहिल्या प्रदर्शनाच्या दिवशी सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीतून दादाचा व्हिडिओ कॉल आला. धाकट्याने मोबाईल फिरवून त्याला सगळ्या भिंती दाखवल्या. दादाने एकेक चित्र निरखून पाहिलं.

"रंग झकास बसलेत रे," तो म्हणाला. "पण सगळी अर्धवट ठेवलीस. माझ्यासाठी ना?"

बाई एकेका चित्राखाली विकल्याची लाल टिकली चिकटवत होत्या. त्या टिकल्या दिसू नयेत म्हणून धाकट्याने मोबाईल छताकडे वळवला.

"हो दादा," तो म्हणाला, "तुझ्यासाठीच."