मिटलेले डोळे

तिसऱ्या खेपेलाही तेच! डोरिसनं कपाळावर हात मारला. नवऱ्याच्या, साल्वूच्या, मेंदूत भाषा डावीकडे आहे की उजवीकडे, एवढंच तर बघायचं होतं. आकडी उठायची ती डाव्या कानाच्या वरून. बोलण्याची जागा तिथं नाही असं कळलं, की सर्जन तेवढा भाग काढणार आणि अकरा वर्षांचा भोग संपणार. ते कळल्याशिवाय मेलबर्नमधला कुणी सुरीला हात लावायला तयार नव्हता.

परीक्षा म्हणाल तर पोरखेळ. एमआरआयच्या नळकांड्यात पडून राहायचं. पडद्यावर अक्षर आलं की त्या अक्षराचे शब्द मनातल्या मनात म्हणायचे, फुली आली की थांबायचं. शब्द जुळवताना मेंदूची जी बाजू राबते, ती चित्रात उजळते. बाहेर सरावाला साल्वू मोठ्यानं धडाधड शब्द म्हणायचा, वर थट्टामस्करीही करायचा. आत गेला की दोन्हीकडे ठार अंधार!

परीक्षा घेणाऱ्या ब्रॉनविनबाईंनी आज दोघांना समोर बसवलं.

"साल्वू, तुमच्या मनातलं मला ऐकू येत नाही. तुम्ही म्हणता शब्द म्हटले, मी विश्वास ठेवते. पण मेंदूचा हा मागचा भाग बघण्याचा. अक्षर दिसलं की तो उजळायला हवा. तुमचा फुलीला उजळतो आणि अक्षराला विझतो. तिन्ही वेळा."

"डोळा लागला असेल," साल्वू पुटपुटला.

"दर वेळी नेमका अक्षर आल्यावरच?"

डोरिसला आत्ता उमगलं. याच्यासाठी तिनं बस चालवायची नोकरी सोडली, न्हाणीघराची कडी काढून टाकली. हा आंघोळ करायचा आणि ही दाराला कान लावून उभी. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलं याला. आजसुद्धा पहाटे उठून इथल्या नर्सबायांसाठी माल्टाकडच्या चीज भरलेल्या पास्तिझी भाजून आणल्या होत्या, आणि हा आत डोळे मिटून पडला होता!

"केसानं गळा कापलास रे माझा," ती म्हणाली. "वाचा जाईल म्हणून घाबरलास ना? मग तोंडानं सांगायचं होतंस, मेल्या! मी काय तुला फरफटत नेत होते?"

"वाचेचं काही नाही गं." साल्वू खाली बघत राहिला. "ईस्टरला अंगणात तू बहिणीला सांगत होतीस. 'आजारी नवऱ्याला टाकलं तर आपले सगळे माल्टावाले तोंडात शेण घालतील. एकदा हा बरा होऊ दे, मग मी पर्थला तुझ्याकडे कायमची येते.' मी स्वयंपाकघरात होतो."

बोलली होती डोरिस. अगदी याच शब्दांत.

ब्रॉनविनबाई घसा खाकरून म्हणाल्या, "आणखी एक तारीख मिळेल. पण डोळे उघडे ठेवणार असाल तरच."

साल्वूनं मान वर केली. "डोरिस, तू राहणार असशील तर ठेवतो. तू म्हण फक्त."

'राहते.' एवढंच म्हणायचं होतं, खोटं का होईना. साल्वू तिच्या ओठांकडे बघत होता. डोरिसनं एकदा तोंड उघडलं, मिटलं, आणि मग ब्रॉनविनबाईंकडे वळली.

"तारीख घ्या," ती म्हणाली.

साल्वूनं तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या, डोळे मिटून घेतले.