कांताबाईंचा एक फोटो

"दोन वर्षं तुम्ही आमच्या वावरात येऊन राह्यले, मुकेशभाऊ. मायचा एक तं फोटो असंन ना?"

अश्वजित पुलगावातल्या माझ्या फोटो स्टुडिओत काउंटरला टेकून उभा होता. त्याची आई, कांताबाई, जाऊन आठ दिवस झाले होते. उद्या नाचणगावला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, आणि घरात त्यांचा फोटो नाही. कुणी मोबाइल समोर धरला की बाई पदर ओढून आत जायच्या. आधार कार्डावरचा आहे, पण तो मोठा केला तर पोलिसांनी धरून आणल्यासारख्या दिसतात.

"बस, पाहतो," म्हणालो आणि कॉम्प्युटर चालू केला. मनातून मात्र चरकलो होतो. कांताबाईंच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड होतं; तिथले सोळाशे फोटो माझ्याकडे होते. सगळे पोपटांचे.

पासपोर्ट फोटो काढून काढून मला माणसांच्या तोंडांचा वीट आला होता, म्हणून हा पाखरांच्या फोटोंचा नाद लागला. पण पोपट कसले ऐकतात. त्या मोहाच्या ढोलीत दरसाल पिल्लं असायची. मी हिरवी जाळी बांधून आत बसलो की मोठे पोपट समोरच्या बाभळीवरून मला नुसत्या शिव्या द्यायचे, ढोलीकडे फिरकायचे नाहीत. चार रविवार वाया गेले. पाचव्या रविवारी हरभऱ्याची सोंगणी, कापणी टाकून कांताबाई आल्या.

"काऊन जी पाखरं भुकी ठेवता? पिल्लं आत वरडून राह्यले. तुम्ही शिरले ते पाह्यलं ना त्यायनं. चला माह्यासंगं."

त्यांनी मला वावराच्या टोकाच्या चिंचेपर्यंत नेलं आणि माझ्यासोबतच जाळीपाशी परत आल्या. मी आत बसलो, त्या एकट्याच धुऱ्यानं निघून गेल्या. माणूस गेलं, एवढंच पोपटांनी पाहिलं. बाई चिंचेशी पोचल्या नाहीत तोच मादी ढोलीवर उतरली.

"त्यायले मोजता येत नाई," त्या नंतर म्हणाल्या. "एक गेलं का त्यायले वाटते सारेच गेले."

मग दर रविवारी तेच. हातातलं काम टाकून त्या मला पोचवायला यायच्या आणि निघून जायच्या. एकदा म्हणालो, "तुमचाही एक काढू." त्या हसल्या. खरं सांगतो, मी आग्रह केला नाही. उजेड चांगला होता आणि मला पोपटांची घाई होती. आता त्याची लाज वाटत होती.

दोन तास आम्ही फोटो चाळले. चोच, शेपूट, पिल्लाचं बोडकं डोकं. "नाही रे बाबा," असं म्हणणारच होतो, तेवढ्यात अश्वजितनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

मी बाद केलेला फोटो होता तो. ढोलीच्या तोंडाशी पोपट बसलेला, पण मान पलीकडे वळवलेली. चेहरा नाही म्हणून मी तो पुन्हा उघडलाही नव्हता. पोपट पाहत होता तिकडे, धुऱ्यावरून कांताबाई पाठमोऱ्या चालल्या होत्या. जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, हातात विळा. जरा धूसर.

"यात तोंड दिसत नाही," मी म्हणालो.

"मी पुण्याले निघालो का माय फाट्यावर सोडाले ये," अश्वजित म्हणाला. "यष्टी हालली का घराकडं चालू पडे. मी खिडकीतून पाहत राहो. मले ती अशीच आठवते, भाऊ."

पोपट कापून बाईंना मोठं करायला घेतलं, तर त्यानं माझा हात धरला.

"राहू द्या त्याले. तिच्याकडंच पाहून राह्यला तो."

दुसऱ्या दिवशी नाचणगावच्या घरात तो फोटो टेबलावर होता, पुढे मेणबत्ती. वंदना झाली आणि लोक एकेक करून फूल वाहायला लागले. फोटोपाशी आल्यावर जो तो थबकत होता. मी भिंतीला लागून उभा होतो, कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मनात जुळवत. एक म्हातारी पुढे आली. तिनं चष्मा पुसला आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"कांताच होय," ती म्हणाली. "चालली वावरात."

फूल ठेवून ती पुढे सरकली.