मंगळवारचा समुद्र

अराबाने कूकुआचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. पट्टा घट्टच होता. तरी तिने बोट आत घालून तो लेकीच्या पोटाला कुठे काचत तर नाही ना, ते चाचपलं आणि मग पुढच्या दोन सीटांच्या फटीतून रस्त्याकडे नजर लावली.

"अगं, श्वास तरी घेऊ दे तिला," स्टिअरिंगवरून मामे बोत्वे म्हणाली. "पोरगी आहे ती, मक्याचं पोतं नाही."

"पोतंच बरं, मामे. पोतं आपलं आपण बक्कल उघडत नाही."

मामे हसली. सासूच्या हसण्यापुढे पिकअपच्या इंजिनाचाही आवाज ऐकू येत नसे. लेक एबो पोटात होता तेव्हापासून तिने याच रस्त्यावरून, याच गाडीच्या थोरल्या बहिणींमधून, धुरावर सुकवलेली मासळी एल्मिनाहून अक्राला वाहिली होती. नवरा गेला, दोन गाड्या मोडीत गेल्या, मामे चालवत राहिली. आता धंदा भाच्यांच्या हाती देऊन ती मोकळी झाली होती, आणि मोकळं झाल्यावर तिने एकच मागणं मागितलं होतं: तोच रस्ता, पण सावकाश. समुद्राच्या कडेकडेने, थांबत थांबत, थेट बुसुआपर्यंत. एबो, अराबाचा नवरा, ताकोराडीच्या बंदरात कामाला होता. तो तिथूनच येऊन भेटणार होता.

बाकी सगळी आखणी अराबाची. अंधार पडायच्या आत मुक्काम. चाकांची हवा, स्टेपनीसुद्धा, तपासलेली. मामेने फक्त वार ठरवला होता.

"मंगळवारी निघू. मंगळवारी समुद्राला सुट्टी, म्हणजे मासळीवालीलाही सुट्टी. 'मामे, किती टोपल्या?' म्हणून कोणी फोन करायला नको."

अराबाने रात्रभर धास्ती घेतली होती ती मामेच्या चालवण्याची. मामे एकदा ओव्हरटेक करायला निघाली की समोरच्याने देवाचं नाव घ्यावं, असं बाजारात म्हणत. पण आज नवलच झालं होतं. कासोआ सोडल्यापासून मामे एका पिवळ्या बसच्या मागे मुकाट चालली होती. बस हळू तर हळू, थांबली तर थांब. मागून हॉर्न वाजले, लोक शिव्या घालून पुढे गेले, मामेने मनावर घेतलं नाही. माझ्यासाठीच हे, असं वाटून अराबाचा जीव थोडा खाली बसला होता. आपण सासूला उगाच नावं ठेवतो, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"कूकुआ, सांग बरं, त्या पाटीवर काय आहे?" मामेने विचारलं.

कूकुआ खिडकीला नाक लावून अक्षरं जुळवू लागली. पाच वर्षांची होती. शाळेत नुकती वाचायला शिकत होती. "मं... के... मंकेसिम!"

"शाब्बास! ही घे चिक्की."

मागे वळून न बघता मामेने शेंगदाण्याची चिक्की मागे सरकवली. सकाळपासून हा खेळ चालला होता. पाटी आली की प्रश्न, उत्तर आलं की चिक्की. "गोल पाटीत काय चित्र आहे?" "हा आकडा कितीचा?" कूकुआच्या मांडीवर रिकाम्या कागदांचा ढीग जमला होता.

"दात किडतील तिचे, मामे."

"दुधाचे आहेत. पडायचेच आहेत."

सॉल्टपाँडला पिवळी बस गावात वळली. समोर रस्ता एकदम मोकळा झाला आणि डावीकडे, नारळांच्या पलीकडे, समुद्र उघडा पडला. आता मामे सुसाट सोडणार, म्हणून अराबाने सीटची पाठ धरली. पण मामेने रेडिओ बंद केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले, अंग पुढे झुकवलं. गाडी आणखीच हळू झाली.

वळणाच्या अलीकडे रस्त्यात फांद्या पडल्या होत्या. थोड्याथोड्या अंतरावर एकेक, ओळीने मांडलेल्या, ताज्या हिरव्या. पुढे गाडी बंद पडली आहे, हे सांगायला इथले ड्रायव्हर दुसरं काही करत नाहीत. झाडाची फांदी तोडतात आणि रस्त्यात टाकतात. चालायला लागलेल्या पोरालाही ते कळतं.

पहिली फांदी चाकाखाली कडकडली. मामेने वेग कमी केला नाही. दुसरी कडकडली.

अराबाने कूकुआच्या छातीपुढे हात आडवा धरला.

"आजी, पानं!" कूकुआ ओरडली. "पानं! पानं!"

मामेने ब्रेकवर पाय दाबला. तिघी पुढे फेकल्या गेल्या, पट्ट्यांनी मागे ओढल्या. वळणाच्या आत लाकडं भरलेला ट्रक आडवातिडवा उभा होता. मागे निघालेले ओंडके गाडीच्या काचेपासून इतके जवळ, की त्यांच्या टोकांवर पांढऱ्या रंगाने काढलेल्या खुणा मोजता आल्या असत्या. ट्रकखालून एक माणूस हातात पाना घेऊन बाहेर आला.

"मावशी, दिवसाढवळ्या झोपलीस काय? अर्धं जंगल तोडून टाकलंय रस्त्यात!"

"जंगल तोडण्यापेक्षा ट्रक नीट ठेवायचा!" मामेने खिडकीतून हात नाचवला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. मग गिअर टाकताना तिचा हात दांड्याच्या बाजूने एकदा रिकामाच गेला.

"वाळलेली पानं होती," थोड्या वेळाने ती म्हणाली. "कालची असतील, असं वाटलं."

 अराबाने लेकीच्या मांडीवरचे चिक्कीचे कागद गोळा केले, एकेक करून, आणि मूठ घट्ट मिटून धरली. सकाळपासून मामेने विचारून घेतलेली प्रत्येक पाटी तिच्या मुठीत होती. ती पिवळी बससुद्धा.

पुढे बिरिवाजवळ मामेने आपणहून गाडी कडेला घेतली. समुद्राच्या बाजूला एक बुटका कठडा होता, झाडाखाली केंकीवाली बसली होती. कूकुआ तिच्या कोंबडीच्या पिल्लांमागे धावली. दोघी सासू-सुना कठड्यावर बसल्या. केंकीचं पान उलगडून मामेने आंबूस, गरम मक्याचा लगदा बोटाने तोडला, तळलेल्या माशाबरोबर तोंडात टाकला आणि समुद्राकडे तोंड करून चघळत राहिली.

"एवढी वर्षं गेले-आले, पण इथं कधी थांबले नाही," ती म्हणाली. "मासळी थांबू देत नाही. म्हटलं, यंदा बघायचाच. यंदा नाही बघितला तर..." तिने काटा काढून टाकला.

अराबाने हातातला घास परत पानावर ठेवला. एबोला फोन करावा? तो आईला काय म्हणेल आणि आई त्याला काय म्हणेल, ते तिला पाठ होतं. मामेच्या हातून चावी घेणं म्हणजे तिच्या डोईवरचं फडकं भर बाजारात उतरवणं. आणि चावी घेऊन चालवणार कोण? लायसन होतं तिच्याकडे. पण कूकुआ झाल्यापासून तिने हमरस्त्यावर गाडी घेतली नव्हती.  शिवाय आपली चूक होत असेल, मामेला नीट दिसत असेल तर? खरंच पानं वाळलेली वाटली असतील तर?

तिने समोर, रिकाम्या पाण्याकडे बोट केलं. 

"मामे, ती लाल होडी किती लांब गेलीय बघा."

मामे चघळायची थांबली. तिने डोळे बारीक केले नाहीत, मान पुढे काढली नाही.  वाऱ्याने तिच्या डोक्याच्या फडक्याचं टोक हलत होतं.

"हो," ती म्हणाली. "लांब गेलीय खरी."

अराबाने मान खाली घातली. कूकुआ पिल्लांमागून हाका मारत होती, पण अराबाला त्या लांबून आल्यासारख्या ऐकू आल्या.

"मामे, मला मागं बसून मळमळतंय. पुढं मी चालवू का?"

"तू?" मामेने बोटं पुसली. "गटार ओलांडतानाही देवाला साकडं घालणारी तू?"

"हळू चालवेन."

"ते सांगायला नको. वाटेत गोगलगायी हॉर्न देतील."

एवढं बोलून तिने कनवटीची चावी काढली. लगेच दिली नाही. तळहातावर ठेवून अंगठ्याने तिचे दाते एकदा चाचपले. मग हात पुढे केला, अराबाच्या बाजूला, जरासा चुकीच्या दिशेला. अराबाने आपला हात तिथे नेला.

मामे पुढे बसली नाही. मागे, कूकुआशेजारी बसली आणि पट्टा स्वतःच ओढून लावला. अराबाने सीट पुढे घेतली, आरसा हलवला, पुन्हा हलवला. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिचे दात घट्ट मिटले होते. एक मिनीबस हॉर्न देत बाजूने गेली. अराबा कडेला सरकली, पण थांबली नाही.

कठडा आरशात लहान होत गेला.

"कूकुआ," मामेने विचारलं, "पाण्यात होडी दिसते का गं कुठं?"

"एकपण नाही, आजी. सगळ्या वाळूवर झोपल्यात."

"झोपणारच. मंगळवारी समुद्र विसावा घेतो, कोणी होडी पाण्यात घालत नाही. मी तुझ्याएवढी होते तेव्हापासून मला ठाऊक आहे." ती थांबली. "तुझी आई शहरातली. तिला कोण सांगणार?"

अराबाची पकड स्टिअरिंगवर आवळली गेली. तिने आरशात पाहिलं. मामेचा चेहरा खिडकीकडे होता, उजेडात, आणि ओठांच्या कोपऱ्यात ते नेहमीचं, टोपलीचा भाव आपल्या मनासारखा ठरवल्यावरचं हसू होतं.

"आजी, ती बघ पाटी! वाचू?"

"पाट्या आता आईला बघू दे. तू मला समुद्र सांग."

"कसा सांगू?"

"कसा म्हणजे? रंग सांग आधी."

"निळा," कूकुआ म्हणाली. मग काचेला नाक लावलं. "नाही, इथं हिरवा आहे. आणि कडेला पांढरं पांढरं, ते सारखं मोडतंय..."

"सावकाश," मामे म्हणाली. "घाई कसली?"

अराबाने ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल केला.