खंदकात गोठलेला झगा

मी अंब्रुश मेंढपाळाचा झगा बोलतोय. हंगेरीच्या माळावर, त्याच्याच मेंढ्यांच्या कातड्यांतून मला शिवलं. पायघोळ, बाहेरून कातडं, आतून पांढरी लोकर. पाऊस आला की तो मला उलटा घाली, आणि लोक त्याला मेंढा म्हणून चिडवत.

ऑस्ट्रियाच्या बादशहाविरुद्ध लढाई पेटली. अंब्रुश मला अंगावर घेऊनच पलटणीत गेला. सोबत त्याचा मेहुणा वेंडेल.

जानेवारीत, उजाडताना, आमच्या लोकांनी शत्रूच्या किल्ल्यावर चढाई केली. शिड्या तोकड्या पडल्या. माघारीचा बिगुल वाजला तेव्हा वेंडेल मांडीत गोळी लागून गोठलेल्या खंदकात पडला होता. अंब्रुश एकटाच त्याच्यापाशी थांबला.

जे हलेल त्यावर तटावरून गोळी येत होती. अंब्रुशने मला उलटं केलं, लोकर वर, आणि दोघं माझ्याखाली निपचित पडले. बर्फात मी बर्फच दिसलो. पण माझी ऊब आता त्यांना नव्हती, आभाळाला होती.

"दाजी, तुम्ही निघा," वेंडेल कुजबुजला.

"आणि तुझ्या बहिणीला काय सांगू? भाऊ बर्फात ठेवलाय, लागेल तेव्हा आणू?"

"हसवू नका हो. पाय ठणकतो."

दिवसभर तसेच. वेंडेलचे दात वाजू लागले की अंब्रुश त्याच्या तोंडात आपली टोपी कोंबायचा. वर पहारेकरी खिदळत होते.

अंधारून आलं. अंब्रुशने मला ओढलं, पण मी निघेना! वेंडेलच्या गोठलेल्या रक्ताने माझी कड बर्फाला घट्ट धरली होती. हिसका दिला असता तर टर्रकन आवाज झाला असता. त्याने माझ्यावरून एकदा हात फिरवला, मेहुण्याला पाठीवर घेतलं आणि सरपटत गेला. पोचले की नाही, मला कळलं नाही.

सकाळी तटावरून माझ्यावरच गोळ्या झाडल्या. मग संगिनीने खरवडून मला आत नेलं, आणि पहाऱ्याच्या खोलीच्या फुटक्या खिडकीवर खिळ्यांनी ठोकलं.

उन्हाळ्यात आमचे लोक हरले. बेड्या घातलेले कैदी किल्ल्याच्या चौकात आणले. त्यांत अंब्रुश! मला पाहून तो थबकला.

"काय बघतोस रे?" शेजारच्या कैद्याने विचारलं.

"माझा झगा. मेहुण्यावर पांघरला होता."

"वाचला का तो?"

"वाचला की! लंगडतो, पण मेंढ्या राखतो. वर माझ्या बायकोला सांगतो, दाजी घोरले नसते तर जरा झोप लागली असती."

पुन्हा हिवाळा आलाय. खाली तळघरात अंब्रुश खोकतो, ते मला ऐकू येतं. आणि मी इथे पहारेकऱ्यांचा वारा अडवून लटकलोय. खिडकीखालून जाणारे तुम्ही कुणीही असा, एवढं करा. हे खिळे उपटा आणि मला खाली टाका.