दोघींत एक गोवर

मी मदतनीस टी पेशी बोलतेय, रोगांशी लढणाऱ्या फौजेतली. जरा मोठ्यानंच बोलतेय, कारण हळू बोलून या घरात कुणाचं भलं झालेलं नाही. माझा मुक्काम एका पाळणाघरवाल्या बाईंच्या मानेत, उजव्या कानाखालच्या गाठीत, म्हणजे आमच्या चौकीत आहे. जागा अडचणीची, पण कानाला लागून असल्यामुळे घरातलं सगळं ऐकू येतं.

माझा जन्म हाडाच्या पोकळीतला. नंतर छातीच्या हाडामागच्या शाळेत रवानगी झाली. त्या शाळेत एकच विषय शिकवतात, आपलं माणूस ओळखा. यकृताचा तुकडा दाखवायचा, हे आपलं. नखाच्या मुळाचा दाखवायचा, हेही आपलं. जी आपल्याच माणसावर भडकली, तिचा तिथेच निकाल लागायचा. माझ्या वर्गातल्या बहुतेकजणी अशाच गेल्या. मी तोंड मिटून बसले आणि पास झाले.

आमच्यातल्या प्रत्येकीला परका असा एकच चेहरा ओळखता येतो. तो निवडून मिळत नाही, वाट्याला येतो. माझ्या वाट्याला गोवराच्या विषाणूचा एक बारीकसा तुकडा आला. शेजारणीच्या वाट्याला जे आलं, ते बहुधा जगात नाहीच. तरी ती बिचारी रोज तयार होऊन बसते.

आता माझं काम. खरं सांगू? मी काडीचंही काम करत नाही. मारायला मारेकरी पेशी आहेत, प्रतिपिंडं बनवायला बी पेशी आहेत. मी फक्त "उठा, लागा कामाला" म्हणते. बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान कपाट हलवताना असेच बाजूला उभे राहून "इकडून धरा, तिकडून धरा" करतात. फरक एवढाच, की त्यांच्याशिवाय कपाट हलतं. माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही.

तर बाई आणि थोरली जुळ्या बहिणी. थोरली काही मिनिटांनीच थोरली, पण तो तोरा अजून उतरलेला नाही. त्यांच्या आईची एक पद्धत होती. जुळ्यांपैकी एकीचं झालं की दोघींचं झालं. एकीनं औषध घेतलं की आई बाटलीला बूच लावायची. एकीला न्हाऊ घातलं की दुसरीचा टॉवेलही वाळत पडायचा. थोरलीला आजोळी असताना गोवर झाला, तेव्हा आईनं जाहीर करून टाकलं, "चला, मुलींचा गोवर झाला." पुढे लस टोचायला नर्सबाई आल्या, त्यांनाही आईनं दारातूनच परत पाठवलं.

गोवर इकडे कधी फिरकलाच नाही, हे फक्त मला माहीत होतं, कारण तो आला असता तर आधी माझ्याकडे आला असता. आणि मी सांगणार कुणाला?

मला समजून घेणाऱ्या एकच, आमच्या गाठीतल्या कांजिण्यांच्या आजी. त्या स्मृती पेशी. एकदा कांजिण्यांशी लढलेल्या आणि त्या परत आल्या तर असाव्यात म्हणून राखून ठेवलेल्या. म्हणायच्या, "अगं, माझंही तेच. कांजिण्या धाकटीला एकटीलाच झाल्या. थोरली तेव्हा आत्याकडे होती. पण या घरात सांगतात, दोघींना झाल्या." आणि आम्ही दोघी आईच्या नावानं बोटं मोडायचो. बोटं नाहीत, तरी.

एके दिवशी पाळणाघरातली एक चिमुरडी तापानं फणफणली. डोळे लाल, नाकाला धार. बाईंनी तिला दिवसभर मांडीवर घेतलं. संध्याकाळी तिचे वडील न्यायला आले.

"अहो, अंगावर पुरळ उठलंय. गोवर असेल. तुम्ही जरा लांबच राहा हं."

"मला काय होतंय! लहानपणीच होऊन गेलाय."

मी मानेत थयथयाट केला. कुणाला होऊन गेलाय? कधी? बाईंनी मान चोळली आणि म्हणाल्या, "उशी बदलायला हवी."

आणि मग तो आला. अंगभर फांद्या फुटलेली एक पहारेकरीण पेशी धापा टाकत गाठीत शिरली आणि एकेकीपुढे विषाणूचा तुकडा नाचवू लागली. "हा तुझा? हा तुझा?" माझ्यासमोर आली आणि मी टाचा उंचावून पाहिलं. पायही नाहीत, तरी.

"माझा! माझाच!"

"मग ऊठ ना!"

"दुसरी खूण?"

आमचा नियमच आहे तसा. नुसता तुकडा दाखवून भागत नाही, सोबत धोक्याची खूणही करावी लागते. ती नसेल तर मी उठायचं नाही, उलट कायमचं बधिर होऊन पडायचं.

"घरात आग लागलीय आणि हिला खूण हवी!"

"मला बधिर व्हायचं नाही. खूण कर!"

तिनं खूण केली. मी उठले. एकीच्या दोन झाले, दोनाच्या चार, मग गाठीत जिकडे पाहावं तिकडे मीच. गाठ एवढी सुजली की बाईंना मान वळवता येईना. मी ओरडले तशा मारेकरी धावल्या, बी पेशी कामाला लागल्या.

बाईंची आई बघायला आली. "अगं, तुला झाला होता ना?"

"मग हे काय आहे?" बाईंनी पुरळानं भरलेला हात पुढे केला.

"दुसऱ्यांदा असेल."

गोवर हटला. पण त्याची खोड वाईट, तो आमच्यातल्या जाणत्या स्मृती पेशींनाच गाठून संपवतो. मी आरोळ्या ठोकून मागे वळले, तर आजींची जागा रिकामी. मला फार रडू आलं. त्यांचं म्हणणं आता कोण सांगणार होतं?

बाई आजारी असताना पाळणाघर थोरलीच सांभाळत होती. बाई उठून खिडकीशी बसू लागल्या, त्याच आठवड्यात एक पोर खाजवत आलं. पाठीवर पाण्यानं भरलेले फोड. थोरली लगबगीनं पुढे झाली.

"कांजिण्या दिसतायत. आण त्याला, मीच घेऊन बसते. मला होऊन गेल्यात."

"हो तर," आई म्हणाली, "दोघींना झाल्यात."

मी किंचाळले. आजी, तुम्ही हव्या होतात! पण बाईंचा हात नकळत कपाळावर गेला. भुवईच्या वर एक बारीक खड्डा आहे, कांजिण्यांचा. आजींच्या लढाईचा. बाईंनी थोरलीची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.

"तुझा खड्डा कुठंय?"

"कसला खड्डा?"

आई म्हणाली, "अगं, एकीला पडला म्हणजे..." आणि थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते वाक्य अर्धवट सोडलं.

"चपला घाल," बाई थोरलीला म्हणाल्या. "याच्या बाबांना फोन करते. ते आले की डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. तुझ्यासाठी वेगळं विचारायचं, माझ्यासाठी वेगळं."

मी आता स्मृती पेशी झाले आहे. आजींच्या जागेवर बसते. गोवर पुन्हा आला तर बघून घेईन, पण न आलेलाच बरा. तुम्हाला एवढंच सांगते, घरात कुणी "होऊन गेलाय" म्हणालं, तर "कुणाला?" म्हणून विचारा. आम्ही आतून जीव तोडून ओरडतो आणि तुम्ही उशा बदलता.

त्या दिवशी पोराचे वडील त्याला घेऊन गेले. दोघी बहिणी दारापर्यंत पोचल्या होत्या. मागून आईचा बारीक आवाज आला.

"मलाही न्या गं. मला काय काय होऊन गेलंय, ते सांगायला आता कुणीच उरलं नाही."