झाकलेलं मशीन

त्या गल्लीत तिला सगळे शिवणबाई म्हणायचे, पण गेली तीन वर्षं ते नाव कुणी मोठ्याने घेत नव्हतं. तिनेच एकेकाला गाठून सांगितलं होतं, काकू म्हणा, वहिनी म्हणा, तुम्हाला सुचेल ते म्हणा, पण शिवणबाई म्हणू नका. कारण कागदोपत्री ती शिवत नव्हती. कागदोपत्री ती काहीच करत नव्हती.

तिचा नवरा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारायचा. बंद खोलीत, नाकाला रुमाल बांधून, एकोणीस वर्षं. लोकांची कपाटं आरशासारखी चकचकीत झाली आणि याची फुप्फुसं कामातून गेली. कारखान्याने त्याला घरी बसवलं. दिवसातून तीनदा तोंडात मारायचा औषधाचा पंप, गोळ्या, शिवाय दर महिन्याला तपासणी. हे सगळं एका सवलतीच्या कार्डावर फुकट मिळायचं. कार्डाची अट एकच होती: घरात कमावणारं कुणी नको आणि कमाईचं साधन नको.

आता पोट तर कार्डावर भरत नाही. म्हणून शिवणबाईने बंद पडलेल्या एका टेलरच्या दुकानातून जुनं मशीन घेतलं आणि ते स्वतःच्या घरी न आणता नणंदेच्या खोलीत ठेवलं. ताईंची खोली मागच्याच बाजूला, मधे एक बोळ. बटण-चेनचं दुकान चालवणारा बटणवाला भाजीच्या पिशवीतून गिऱ्हाइकांचं कापड तिच्या घरी आणून द्यायचा आणि तयार कपडे त्याच पिशवीतून घेऊन जायचा. ती शिवायला बसली की ताई रेडिओ मोठा लावायच्या. एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या ताईंना गाण्यांचा एवढा नाद कधी लागला, याचं शेजाऱ्यांना नवल वाटायचं.

असं तीन वर्षं बिनबोभाट चाललं. मग नोटीस आली. ‘आपल्याविरुद्ध आलेल्या निनावी अर्जानुसार गुरुवारी घराची तपासणी करण्यात येईल.’

तिने ती नोटीस चारदा वाचली. तपासणीपेक्षा तिला तो ‘निनावी’ शब्दच जास्त टोचला. निनावी म्हणजे नाव नसलेला नव्हे, नाव लपवलेला. म्हणजे कुणीतरी जवळचा.

पहिला संशय बटणवाल्यावर. मागच्या महिन्यात कॉलर उसवल्या म्हणून दोघांची वाजली होती. ती दुकानात गेली, चेन बघायचं निमित्त केलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो म्हणाला, “वहिनी, चेन तिकडे आहे. माझ्या तोंडावर नाही.” त्याचं हसणं तिला नेहमीपेक्षा जरा लांबलेलं वाटलं.

दुसरा संशय समोरच्या कंपाउंडरवर. निवृत्त माणूस, दिवसभर खिडकीत. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले, कुणी नवी चप्पल घेतली, सगळ्याची खबर त्याला. ती जाता-येता आता खाली मान घालून जायची आणि मग एकदम वर बघायची. दरवेळी तो बघतच असायचा. पण तो तर सगळ्यांकडेच बघायचा.

“अर्ज कुणी केला असेल हो?” तिने नवऱ्याला विचारलं.

तो भिंतीला टेकून बसला होता. “कुणी का करेना. येतील, बघतील, जातील.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“मला श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही,” तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

तपासणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, तिच्या मनात ती पाल चुकचुकली, जी तिला स्वतःलाही नको होती. मशीन कुठे आहे हे नक्की कुणाला माहीत? बटणवाल्याला फक्त पिशवी माहीत. कंपाउंडरच्या खिडकीतून मागचा बोळ दिसत नाही. राहिल्या ताई. आणि ताई हल्ली कुरकुरत होत्या, रेडिओने डोकं दुखतं म्हणून. खोली मोकळी हवी असेल. तोंडावर सांगता येत नाही, म्हणून असं.

ती तशीच बोळ ओलांडून गेली. ताई गहू निवडत होत्या.

“ताई, मशीन अडचण होत होतं तर मला सांगायचं होतंत.”

“कोण म्हणालं अडचण?”

“अर्जच करायला हवा होता असं नाही.”

ताईंनी ताट खाली ठेवलं. मग उठल्या, रेडिओ बंद केला, आणि मशीनचं टेबल एका बाजूने धरून फरफटत दारापर्यंत आणलं. साठीच्या बाईत एवढं बळ कुठून आलं कुणास ठाऊक.

“घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “भर दुपारी घेऊन जा. बघू दे सगळ्यांना. माझ्या भावाचं औषध मी बंद करीन असं वाटलं ना तुला?”

मशीन ओढत घरी आणून तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो ऐकत होता. त्याच्या ओठांची हालचाल झाली, तिला वाटलं तो बहिणीची बाजू घेणार. पण तो फक्त खोकला. खूप वेळ खोकत राहिला.

मशीन आता घरातच होतं आणि ते हलवायला दुसरी जागा नव्हती. ते मशीन दुमडून टेबलाच्या पोटात जायचं. मग तिने ते आत घातलं, वर चादर पसरली, चादरीवर औषधाच्या बाटल्या, पाण्याचा तांब्या, आरसा, कंगवा असं मांडलं. दूर जाऊन बघितलं. साधं टेबल दिसत होतं. काज-बटणं ती घरीच करायची, त्यांचे जमिनीवर पडलेले दोरे वेचले, दाराच्या चौकटीत खोचलेल्या सुया काढल्या, मापाची टेप पिठाच्या डब्यात पुरली. स्वतःच्या साडीवरचे खडूचे डाग घासले. बोटाला सुईची घरं पडली होती, ती कशी घासणार?

गुरुवारी अकराच्या सुमाराला तपासणीबाई आल्या. चाळिशीच्या, चष्मा, खांद्याला जड पिशवी, टाचेला पट्टी बांधलेली. दारातूनच त्यांनी खोलीवर नजर फिरवली, आणि ती नजर जिथे जिथे थांबली तिथे तिथे शिवणबाईचा जीव थांबला.

“पंखा कधी घेतला?”

“लग्नातला आहे, मॅडम.”

“पडदा नवीन दिसतो.”

“उरलेल्या तुकड्यांचा आहे.” बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

“कसल्या तुकड्यांचा?”

“जुन्या कपड्यांच्या.”

तपासणीबाईंनी डब्यांची झाकणं उघडून बघितली. पिठाच्या डब्याशी आल्या, झाकण काढलं, आत वाकल्या, परत लावलं. भिंतीवर टांगलेला नवऱ्याचा सदरा हातात घेऊन त्याची शिवण उलटी करून बघितली. “दोन वेळा जेवता?” त्यांनी विचारलं. या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे तिला कळेना. हो म्हटलं तर कशावर, आणि नाही म्हटलं तर अंगावर हे मांस कुठलं.

“भागवतो,” ती म्हणाली.

“सगळे हेच सांगतात.” तपासणीबाई टेबलाशी आल्या, तांब्या बाजूला सरकवून त्यांनी चादरीवरच फाईल ठेवली आणि लिहायला लागल्या. “माझा राग धरू नका. दिवसाला दहा घरं बघते. लोक माझ्या तोंडावर खोटं बोलतात.”

“खरं बोललं की कार्ड जातं,” नवरा भिंतीजवळून म्हणाला. “मग लोकांनी बोलायचं तरी काय?”

त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि फाईलमधून एक कागद काढला. “अर्जात तर बरंच लिहिलंय. ‘सदर बाई टेलरिंग करते. हातात उत्तम कला आहे. गणवेशाच्या मोठ्या दुकानाने तिला कटिंगच्या कामावर दोनदा बोलावलं, पण कार्ड जाईल या भीतीने तिने दोन्ही वेळा नकार दिला.’ खरं आहे का हे?”

शिवणबाईने त्या कागदाकडे बघितलं. गणवेशाच्या दुकानाचं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. ताईंना नाही, बटणवाल्याला नाही. दोन्ही वेळा नकार देऊन ती घरी आली होती आणि एकाच माणसाजवळ बसून रडली होती.

तिने सावकाश मान वळवली. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो टेबलाकडे बघत होता.

“मॅडम,” तो म्हणाला, “फाईल उचला. चादर काढून बघा.”

तपासणीबाईंनीच बाटल्या एकेक करून खाली ठेवल्या, जपून, एकही आडवी न होऊ देता. चादर काढली, फळी उचलली. आतून काळं मशीन वर आलं. त्यांनी ते बघितलं, फळी परत बसवली आणि फाईलवर दोन ओळी लिहिल्या.

“सही करा,” त्या म्हणाल्या. आणि जाताना दारात थांबून, हळू आवाजात, “कटिंग खरंच चांगलं येतं का तुम्हाला?”

त्या गेल्यावर शिवणबाई जमिनीवर बसली.

“तुम्ही.”

“हो.”

“का?”

“तू त्या खोलीत चोरासारखी बसायचीस. रेडिओच्या आवाजात. माझ्या औषधापायी.” त्याला मधे मधे थांबावं लागत होतं. “कार्ड असेपर्यंत तू कुठलं काम घेतलं नसतंस. मी सांगून ऐकलं असतंस का?”

“आणि औषध?”

“बघू. थोडं कमी घेईन.”

“थोडं कमी.” तिचा आवाज एकदम वर चढला. “तो काय चहा आहे, थोडा कमी घ्यायला? आणि ताई? मी ताईंना नाही नाही ते बोलून आले, तुम्ही समोर बसून ऐकलंत. एक शब्द निघाला नाही तुमच्या तोंडून.”

त्याने मान खाली घातली, आणि तिला तो पहिल्यांदाच खूप म्हातारा दिसला.

कार्ड पंधरा दिवसांत बंद झालं. गल्लीत बातमी पसरायला तेवढाही वेळ लागला नाही. जी माणसं तीन वर्षं तिच्याकडून गुपचूप कपडे शिवून घेत होती, तीच आता नळावर कुजबुजायला लागली, बघा, बाई सोंग करत होती, सरकारला फसवत होती. कंपाउंडर खिडकीतून म्हणाला, “आमच्यासारख्यांच्या करातून जातं हो हे सगळं.” त्याचा पायजमा तिनेच शिवलेला होता. तिने तसं सांगितलं. तो आत गेला.

ती गणवेशाच्या दुकानात गेली. मालकाने बसायलाही सांगितलं, पाणीही दिलं. पण पगाराचा आकडा सांगितला तो मागच्यापेक्षा खाली होता.

“मागे तुम्ही वेगळं बोलला होतात,” ती म्हणाली.

“मागे मला तुमची गरज होती, बाई. आता तुम्हाला माझी आहे.” तो वाईट माणूस नव्हता. जे होतं ते त्याने सरळ सांगितलं. तिने काम घेतलं.

पगारात घर चालायचं आणि औषधाचा बराचसा भाग यायचा, सगळा नाही. म्हणून संध्याकाळी ती घरी मशीनवर बसायची, दार सताड उघडं टाकून. लोक काय म्हणतील याची आता तिला फिकीर नव्हती, फिकीर होती ती नवऱ्याची. आधी तिला सगळ्या गल्लीचा संशय होता, आता फक्त त्याचा. गोळ्यांची पाकिटं ती उलटसुलट करून बघायची. एकदा सकाळी त्याने पंप तोंडाशी धरला, गाल आत ओढले, डोळे मिटले, सगळं व्यवस्थित केलं. पण पंपाचा आवाज झाला नाही.

“परत घ्या,” ती म्हणाली.

“घेतला ना आत्ता.”

“माझ्यासमोर तोंड उघडून परत घ्या.”

त्याने घेतला. या वेळी आवाज झाला.

पण दुपारच्या डोसाला ती दुकानात कात्री धरून उभी असणार होती. म्हणून त्या दिवशी कामावर जाण्याआधी तिने बोळ ओलांडला. ताईंनी दार उघडलं, पण पूर्ण नाही.

“अर्ज यांनीच केला होता,” ती म्हणाली. “मी तुमचा अपराध केला.”

“कळलंय मला. तो स्वतः येऊन सांगून गेला, धापा टाकत.” ताई दाराला धरून उभ्या होत्या. “तुला माझा संशय आला, आणि तो गप्प राहिला. दोन्हींतलं जास्त काय लागलं ते माझं मलाच ठरत नाही.”

“दुपारचं औषध ते चुकवतात, ताई. कुणी समोर उभं राहिल्याशिवाय घेत नाहीत.”

ताईंनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा नवरा बसून होता, श्वास जरा बरा वाटत होता.

“ताई आल्या होत्या?”

“आली होती. घेईपर्यंत डोक्यावर उभी होती. तू यायच्या आत जाते म्हणाली.”

शिवणबाईने हात धुतले, गणवेशाचा गठ्ठा सोडला आणि दाराजवळच्या उजेडात मशीन ओढून घेतलं.